पट्टी त्याला दिसत नसते

धुणं भिजत घालायच्या आधी सगळ्यांचे खिसे तपासायची सवय मला सासूबाईंनी लावली. कधी दहाची नोट सापडते, कधी एसटीचं तिकीट, कधी चॉकलेटचा चुरगळलेला कागद. २०२४ च्या दिवाळीनंतर एकदा लेकीच्या पँटच्या खिशात आठ घड्या घातलेला एक कागद सापडला. उलगडून बघितला तर बुद्धिबळाच्या डावाचा. स्पर्धेत खेळताना मुलं आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल ज्यावर लिहितात, तोच तो कागद. आणि हाच कागद ‘हरवला’ म्हणून तिनं मला दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

लेक तेव्हा बारा वर्षांची. खोटं बोलणाऱ्यातली नाही. मग एका हरलेल्या डावाचा कागद आईपासून लपवावा असं तिला का वाटलं? खरं सांगू? उत्तर मला ठाऊक होतं. कारण मीच होते.

त्याचं असं झालं. बुद्धिबळ मला माझ्या वडिलांनी शिकवलं. पुठ्ठ्याचा पट, त्यातला एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच. लग्नानंतर तो पट माहेरच्या माळ्यावर गेला. लेक शाळेतल्या सरांकडून खेळायला शिकली तेव्हा माझीही जुनी हौस जागी झाली. रविवारी कुठं तालुक्याच्या, कुठं जिल्ह्याच्या गावी स्पर्धा असायची. पहाटे उठून डबा करायचा, पहिली एसटी पकडायची, दिवसभर कुठल्या तरी मंगल कार्यालयाच्या ओट्यावर इतर आयांबरोबर बसायचं आणि संध्याकाळी परत.

मग कुणीतरी मला सांगितलं, की मोबाइलवर बुद्धिबळाचा संगणक फुकट मिळतो. ‘इंजिन’ म्हणतात त्याला. झालं! परतीच्या एसटीत मी लेकीचा कागद घ्यायची, एकेक चाल मोबाइलमध्ये भरायची आणि मोबाइल सांगायचा, कुठं चुकलं ते.

“अगं, तेविसाव्या चालीला तू जिंकत होतीस! घोडा नुसता पुढं घ्यायचा होता. एवढं साधं दिसलं नाही तुला?”

ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला वाटायचं, थकली असेल. मी पुढची चूक वाचून दाखवायची.

तो आठ घड्यांचा कागद मी परत तसाच घडी घालून तिच्या दप्तरात ठेवला. काही बोलले नाही. काय बोलावं तेच सुचत नव्हतं. ते सुचलं महिनाभरानं, आणि तेही लेकीनंच सुचवलं.

सिंगापूरची ती चाल

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव चालू होता. एकीकडे चीनचा जगज्जेता डिंग लिरेन, दुसरीकडे आपला चेन्नईचा अठरा वर्षांचा गुकेश. तेरा डावांनंतर दोघांचे गुण सारखे, साडेसहा-साडेसहा. मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मटार सोलत होते. लेक शाळेतून आली आणि दप्तरासकट शेजारी बसली.

ज्या मैत्रिणींनी असं प्रक्षेपण कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पटाच्या शेजारी एक उभी पट्टी असते, अर्धी पांढरी, अर्धी काळी. संगणक प्रत्येक चालीनंतर हिशेब करतो आणि त्याप्रमाणे ती पट्टी वरखाली होते. पांढऱ्याचं पारडं जड झालं की पांढरा रंग वाढतो, काळ्याचं जड झालं की काळा. बुद्धिबळाचा गंध नसलेल्या माणसालाही कळतं, कोण पुढं आहे ते.

त्या संध्याकाळी पट्टी बराच वेळ मधोमध स्थिर होती. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशकडे तीन प्यादी, डिंगकडे दोन. एक प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीचाच, असं संगणक सांगत होता. समालोचकही दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांविषयी बोलायला लागले होते. आणि पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती मागं घेतला, हत्तीला हत्ती द्यायला. त्या क्षणी पट्टी धाडकन काळी झाली.

“अगं बाई! हे काय केलं यानं?” मी ओरडलेच. “जगज्जेता ना हा? एवढं साधं दिसलं नाही?”

लेक पटाकडे बघत होती. ती शांतपणे म्हणाली, “आई, पट्टी त्याला दिसत नसते.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

तिकडं गुकेशलाही पट्टी दिसत नव्हतीच. त्यानं नंतर सांगितलं, की ती चूक त्याच्याही लगेच लक्षात आली नाही, तो दुसरीच चाल खेळणार होता. मग त्याला दिसलं, की डिंगचा उंट पटाच्या अगदी कोपऱ्यातल्या घरात अडकलाय. हत्तीला हत्ती मारला, मग उंटासमोर उंट आणून ठेवला, की डिंगच्या उंटाला पळायला जागाच नाही. दोन्ही उंट गेले की उरतात राजे आणि प्यादी, आणि मग ते एक जास्तीचं प्यादं डाव जिंकून देतं. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगनं डाव सोडला. गुकेश जगातला सगळ्यात लहान वयाचा निर्विवाद जगज्जेता झाला. रडत रडतच त्यानं सगळी मोहरी परत नीट पटावर मांडून ठेवली, ते तुमच्यापैकी अनेकींनी बघितलं असेल.

रात्री भांडी घासताना माझ्या कानात लेकीचं वाक्यच घुमत होतं. मी तिला एसटीत जे रोज ऐकवत होते, ते सगळं पट्टी बघून. आणि ती खेळली होती पट्टी न बघता.

पट्टीच्या आत काय असतं?

मग मी ठरवलं, ही पट्टी नेमकं काय सांगते ते तरी समजून घेऊ. लेकीच्या सरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. आपल्याला समजेल अशा भाषेत सांगते.

संगणक पटाकडे बघून एक आकडा काढतो. जुना हिशेब असा, की प्याद्याला एक गुण, घोड्याला आणि उंटाला तीन-तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. त्यात राजा किती सुरक्षित आहे, मोहऱ्यांना फिरायला जागा किती आहे, याची भर किंवा वजाबाकी. पांढरा पुढं असेल तर आकडा अधिक, काळा पुढं असेल तर उणे, सारखं असेल तर शून्य. पण नुसतं आत्ताच्या पटाकडे बघून भागत नाही. मी असं केलं तर तो काय करील, त्यानं तसं केलं तर मी काय करीन, असं झाडाच्या फांद्यांसारखं पुढं पुढं बघत जावं लागतं. माणूस यातल्या मोजक्या फांद्या बघतो. बाकीच्या ‘यात काही दम नाही’ म्हणून सोडून देतो. संगणक मात्र लाखो-कोटी फांद्या चाचपतो, न थकता, न कंटाळता.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला फार महत्त्वाची वाटली. संगणकाचा आकडा असं धरून चालतो, की यापुढं दोन्ही बाजू अचूक खेळणार. स्टॉकफिश नावाचं जे सगळ्यात प्रसिद्ध इंजिन आहे, त्यात हल्ली ‘अधिक एक’ याचा अर्थ पांढऱ्याला जिंकण्याची साधारण निम्मी संधी आहे. पण कुणाविरुद्ध? तर दोन्हीकडून संगणकच खेळत असेल तेव्हा! माझी लेक आणि समोरची चष्म्याची मुलगी, दोघींच्या पोटात भूक, घड्याळात सात मिनिटं, याचा त्या आकड्यात कुठंच हिशेब नसतो.

भीतीनं सोडलेला डाव

माणूस आणि संगणक यांची सगळ्यात गाजलेली लढत झाली मे १९९७ मध्ये, न्यूयॉर्कला. एका बाजूला रशियाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह, दुसऱ्या बाजूला आयबीएम कंपनीचा ‘डीप ब्लू’. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणारं ते यंत्र होतं. आदल्या वर्षी कास्पारोव्हनं त्याला हरवलं होतं, त्यामुळं या खेपेलाही तोच जिंकणार असं बहुतेकांना वाटत होतं.

पहिला डाव कास्पारोव्हनं जिंकलाही. पण त्या डावात शेवटाशेवटाला, चव्वेचाळिसाव्या चालीला, यंत्रानं हत्तीची एक अशी चाल केली की तिचा काही अर्थच लागेना. कास्पारोव्हच्या गोटात रात्री त्यावर खल झाला. निष्कर्ष काय निघाला? की यंत्राला फार फार पुढचं दिसलं असणार, म्हणूनच त्यानं असं केलं! पुढं बऱ्याच वर्षांनी डीप ब्लू तयार करणाऱ्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी सांगितलं, की ती चाल म्हणजे प्रोग्रॅममधली चूक होती. यंत्राला काय करावं ते ठरवता आलं नाही आणि त्यानं कुठली तरी चाल करून टाकली. समोरचा गप्प बसला की आपणच त्याच्या मनात काय काय असेल ते रचत बसतो, तसंच की हे!

दुसऱ्या डावात यंत्राला वजीर आत घुसवून प्यादी मारता येत होती. संगणक म्हणजे हावरट, समोर दिसेल ते खाणार, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत. पण यंत्रानं ती प्यादी सोडली आणि सदतिसाव्या चालीला उंट अशा घरात नेऊन ठेवला, की कास्पारोव्हच्या सगळ्या हालचालीच बंद झाल्या. अशी दमाची चाल मुरलेला माणूस करतो. कास्पारोव्ह हादरला. आत कुणी माणूस तर बसला नाही ना, असा संशय त्यानं बोलूनही दाखवला. तसं काही कधी सिद्ध झालं नाही. आणि पंचेचाळिसाव्या चालीला त्यानं डाव सोडून दिला.

खरी गंमत पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी विश्लेषकांनी दाखवून दिलं, की त्याच स्थितीत वजिरानं पुन्हा पुन्हा शह देत राहून बरोबरी साधायची वाट होती. म्हणजे शेवटच्या चालीत यंत्राकडूनच गफलत झाली होती. कास्पारोव्हसारख्या माणसानं एरवी ती वाट शोधली असती. पण यंत्र चुकणारच नाही असं त्यानं मनाशी धरलं होतं, म्हणून त्यानं शोधलंच नाही. पुढचे तीन डाव बरोबरीत गेले, सहावा तो हरला आणि सामना साडेतीन-अडीच असा गमावून बसला.

हे वाचताना मला माझीच लेक आठवत होती. वरच्या क्रमांकाची मुलगी समोर आली की ही पहिल्या चालीपासूनच अंग चोरून खेळते. ‘तिला सगळं दिसत असणार’ हे तिनं आधीच ठरवलेलं असतं. आणि दिसत नसलं तर? ते बघायचं राहूनच जातं.

उंट फुकट देऊन टाकला

आता दुसरी बाजू सांगते. १९९८ साली स्पेनमधल्या लिनारेस गावी एक मोठी स्पर्धा होती. तिथं अलेक्सी शिरोव्ह काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, समोर बल्गेरियाचा व्हेसेलिन टोपालोव्ह. डावाचा शेवट जवळ आलेला. शिरोव्हकडे दोन प्यादी जास्त होती, पण दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे. असा डाव बहुधा बरोबरीतच सुटतो, कारण एकाच्या उंटाला दुसऱ्याच्या घरांवर जाताच येत नाही.

शिरोव्हनं सत्तेचाळिसाव्या चालीला काय करावं? त्यानं आपला उंट सरळ प्याद्याच्या तोंडी दिला. बदल्यात काही मारलं नाही, काही मिळवलं नाही. घे म्हणाला, खा!

त्याच्या डोक्यात काय होतं? त्याला आपला राजा पटाच्या मध्यावर न्यायचा होता. वाटेतल्या घरात त्याचा स्वतःचाच उंट बसलेला होता. उंट नुसता बाजूला घेतला असता, तर तेवढ्या एका चालीत टोपालोव्हचा राजा येऊन वाट अडवणार. म्हणून त्यानं उंट अशा जागी टाकला, की टोपालोव्हला त्याच्याकडे बघणं भाग पडावं आणि तेवढ्यात आपला राजा पुढं सरकावा. उंट गेला, पण राजा पोहोचला, आणि प्याद्यांना वाट मिळाली. आणखी सहा चालींत टोपालोव्हनं डाव सोडला.

संगणकाला त्या काळी ही चाल सुचत नव्हती. त्याच्या हिशेबात उंट म्हणजे तीन गुण, ते आत्ता गेले, आणि त्याचं फळ दिसणार कितीतरी चालींनंतर. पुढं कित्येक वर्षं नव्या संगणकाची परीक्षा घ्यायला लोक हीच स्थिती मांडायचे. आताची इंजिनं ती चाल शोधतात. पण माणसानं ती शोधली होती आकडा काढून नव्हे. ‘माझा राजा तिथं पोहोचला पाहिजे’ अशी आधी इच्छा धरली, मग त्या इच्छेला काय किंमत पडेल ते बघितलं. आपण बायका घरखर्चातून मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढतो, तेही असंच. आधी कुठं पोहोचायचं ते ठरतं, मग बांगडी मोडायची की नाही ते.

एका चालीत मात

आणि माणूस चुकतो तेव्हा किती चुकतो? त्यालाही सीमा नाही. नोव्हेंबर २००६, जर्मनीतलं बॉन शहर. तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ नावाच्या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात त्याचं चांगलं चाललं होतं. चौतिसाव्या चालीला त्यानं शांतपणे वजीर पुढं नेला आणि संगणकानं पुढच्याच चालीत मात केली. एका चालीत मात! आमच्या सरांकडची पहिल्या वर्षाची मुलंही ती बघू शकली असती. पण त्या दिवशी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला ती दिसली नाही. त्याच्या डोक्यात दूरचा हिशेब चालू होता आणि दारातलं दिसायचं राहिलं.

याच क्रामनिकनं २०२४ मध्ये डिंगच्या चुकीवर फार कडक टीका केली. मला त्याचं हसू आलं नाही. मी तरी काय वेगळं करत होते?

शून्य म्हणजे शून्य नव्हे

२०१७ नंतर संगणकाचा खेळही पालटला. डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाझीरो’ला नुसते नियम सांगितले, बाकी ते स्वतःशीच खेळून शिकलं. तेव्हाच्या स्टॉकफिशविरुद्ध शंभर डावांत अठ्ठावीस जिंकलं आणि एकही हरलं नाही. विशेष म्हणजे स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती बघायचं आणि अल्फाझीरो फक्त ऐंशी हजार. म्हणजे सगळं बघण्यापेक्षा काय बघायचं ते ओळखायला ते शिकलं होतं, मुरलेल्या माणसासारखं. २०२० पासून स्टॉकफिशनंही ती विद्या घेतली. आज कुठलाही जगज्जेता या यंत्रांपुढं टिकणार नाही. मोठे खेळाडू घरी त्यांच्याच मदतीनं तयारी करतात. म्हणून तर स्पर्धेच्या दालनात मोबाइलला सक्त मनाई असते.

म्हणजे पट्टी खोटं बोलत नाही. चाल बरोबर की चूक, हे ती बहुतेक वेळा बरोबरच सांगते. पण ती चाल शोधणं किती कठीण होतं, हे ती सांगत नाही. त्या दिवशी सिंगापूरला पट्टी शून्य दाखवत होती. गुकेशनं ते शून्य मानलं असतं, तर बरोबरी करून तो मोकळा झाला असता. पण त्यानं मानलं नाही. एक प्यादं जास्त होतं, घड्याळात डिंगपेक्षा पुष्कळ वेळ शिल्लक होता. जिंकण्यासारखं काही नसताना तो खेळत राहिला, समोरच्याला दर चालीला एक नवा प्रश्न घालत राहिला. संगणकाच्या लेखी ते प्रश्न सोपे. तीन आठवडे खेळून दमलेल्या माणसाला मात्र ते एकापाठोपाठ एक सोडवायचे होते. पंचावन्नाव्या चालीला एक चुकला.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंही तेच. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. समोर कोनेरू हम्पी, भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर, वयानं दिव्याच्या दुप्पट. दोन मोठे डाव बरोबरीत, मग पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात घड्याळाचा काटा डोक्यावर असताना दोघींच्याही चुका झाल्या. शेवटची हम्पीची झाली. एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषक जिंकली आणि त्याच दिवशी ग्रँडमास्टर झाली. खेळ संपल्यावर तिनं आईला मारलेली मिठी आम्ही दोघींनी कितीदा बघितली असेल! त्या आईनं मुलीला आधी कुठली चाल चुकली हे विचारलं असेल, असं मला नाही वाटत.

आधी तू सांग, मग मोबाइल

आता आमच्या घरी काय बदललं ते सांगते. गुकेशच्या डावानंतर चार दिवसांनी मी लेकीला म्हटलं, “तो हरवलेला कागद सापडलाय का गं?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि दप्तरातून काढून आणला. त्या दिवशी मी मोबाइल आत कपाटात ठेवला आणि माळ्यावरून आणलेला वडिलांचा पट मांडला, बुचाच्या हत्तीसकट.

तेव्हापासून आमचा नियम आहे. डाव आधी पटावर मांडायचा आणि अवघड चालीपाशी थांबून मी तिला तीनच गोष्टी विचारायच्या. तुला इथं काय दिसत होतं? तुला भीती कशाची वाटत होती? घड्याळात वेळ किती होता? ती सांगून झाली, की मग मोबाइल उघडायचा. मोबाइल तिनं हातात धरायचा, मी नाही.

त्या तेविसाव्या चालीविषयी मी पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, “दिसला होता की मला तो घोडा! पण तो पुढं गेला असता तर माझ्या राजाजवळ कुणीच उरत नव्हतं. समोरचीचा वजीर तिथंच होता. मला वाटलं, ती मारणार मला.”

म्हणजे चाल दिसली होती. दिसली नव्हती ती तिची भीती, आणि ती मला! वजीर आत आला असता तरी राजाला एक पळवाट होती, ती आम्ही दोघींनी मग पटावर शोधली. वीस मिनिटं लागली. मोबाइल तीच गोष्ट एका सेकंदात सांगतो. पण वीस मिनिटांनी ती लेकीची झाली.

हे करता करता मला माझंच एक जुनं आठवलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दुसऱ्या गावी कारकुनाची नोकरी लागत होती. तेव्हाच सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले. मी गेले नाही. आजही नात्यातलं कुणी ना कुणी म्हणतंच, “तेव्हाच धरायला हवी होतीस गं, आज केवढा पगार असता.” त्यांचं चुकतं असं नाही. आज बघितलं तर पट्टी तेच सांगते. पण तेव्हा माझ्यासमोर कुठली पट्टी होती? एक आजारी माणूस, एक तान्हं बाळ आणि उद्या कळवतो म्हणून थांबलेलं ऑफिस. मला इतकी वर्षं कुणीतरी विचारायला हवं होतं, तुला तेव्हा काय दिसत होतं? कुणी विचारलं नाही. निदान मी तरी लेकीला विचारू शकते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरी बुद्धिबळ असो की दहावीची उत्तरपत्रिका, हा प्रयोग एकदा करून बघा. बरोबर उत्तर हातात घेऊन मुलाच्या समोर बसू नका. आधी त्याला त्याच्या बाजूनं पट मांडू द्या.

लेक काही लगेच जिंकायला लागली नाही हं. गेल्या रविवारी सात डावांत तीनच गुण झाले. पण हल्ली ती कागदावर प्रत्येक चालीपुढं बारीक अक्षरात घड्याळातला वेळही लिहिते. परतीच्या एसटीत तिनं आपणहून कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आई, चौतिसावी चाल बघ. तिथं मी खूप घाबरले होते. तरी खेळले.”

मी मोबाइल काढला नाही. म्हटलं, “सांग.”